अडकलेले बेअरिंग : घणाची घाई नको

ट्रकच्या हबमधील बेअरिंगचा कप अडकला की आपले कारागीर बंधू प्रथम घण उचलतात. परंतु बेअरिंगचे पोलाद कडक असते. पोलादी घणाने त्याचा तुकडा उडून डोळा जाऊ शकतो. म्हणून चष्मा लावावा व पितळी दांडा वापरावा.

गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून घोडीवर घ्यावी. केवळ जॅकवर विसंबू नये. हब काढून ग्रीस स्वच्छ पुसावे. मग कपाच्या आतील बाजूस वेल्डिंगचा एक थर गोलाकार फिरवावा. थंड होताना तो आक्रसतो व कप सैल होऊन निघतो. ॲक्सलवर घट्ट बसलेला कोन पुलरने ओढावा.

तापवलेले बेअरिंग पुन्हा बसवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. चार पैसे वाचवताना वाटेत चाक निखळले, तर माल आणि माणूस दोन्ही जातात.