रणगाड्याचा रंग आणि प्रतिकृतिकार

जळगाव-धुळ्याकडील ज्या हौशी कलावंतांना दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांच्या प्रतिकृती रंगवावयाच्या असतील, त्यांनी अहिल्यानगरचे (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. मात्र लोखंडाच्या रक्षणार्थ अशा वाहनांना वेळोवेळी नवा रंग द्यावाच लागत असल्यामुळे, आज दिसणारी छटा हा युद्धकालीन रंगाचा निर्णायक पुरावा मानू नये. रंग भूमीप्रमाणे व हुकुमाप्रमाणे बदलत असे : १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश रणगाडे सरळ रेषांनी विभागलेल्या तीन रंगांचे होते, तर जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद करडा सोडून गडद पिवळा मूळ रंग मुक्रर केला आणि त्यावर तांबूस तपकिरी व हिरवा फवारण्याचे काम पथकांवर सोपविले. म्हणून प्रथम वर्ष, रणक्षेत्र व पलटण निश्चित करावी, तत्कालीन छायाचित्रे ताडून पाहावीत आणि मगच कुंचला हाती घ्यावा.