काजूबोंडाचा रस आणि न ऐकू येणारा आवाज

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्यात काजू म्हणजे बी. घनसाळ तांदळाइतकीच काजूगराच्या कारखान्यांनीही तालुक्याला ओळख दिली. पण बी पिरगाळून काढली की मागे उरणारे बोंड वजनाने तिच्या आठ-दहा पट भरते, आणि क जीवनसत्त्वात संत्र्याला मागे टाकते. तरीही बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात. तोडल्यापासून दिवसभरात ती नासू लागतात आणि त्यांचा तुरटपणा घशाला धरतो.

गोव्याने त्यातून फेणी काढली; 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरी वाट बिनदारूची: आंबील किंवा गाजराची कांजी आंबवणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंची. ब्राझील हे काजूचे मूळ घर. तिथल्या सेआरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये बोंडाच्या रसात लॅक्टोबॅसिलस केसी हा असाच एक जिवाणू वाढवून दाखवला. थंडाव्यात ठेवलेल्या या रसात तो 42 दिवस भरपूर संख्येने जिवंत राहिला. पुढे त्यांनी अननसाचा रस विरजणाआधी अल्ट्रासाउंडखाली, म्हणजे न ऐकू येणाऱ्या आवाजाखाली, ठेवला, आणि त्यातही हा जिवाणू उत्तम वाढला.

हे अल्ट्रासाउंडचे यंत्र सोनोग्राफीचे भावंड, पण स्वभावाने दांडगे. सोनोग्राफीचा आवाज सेकंदाला लाखो कंपनांचा आणि सौम्य. इथे कंपने साधारण 20 हजार, म्हणजे आपल्या कानाच्या मर्यादेलगतची, आणि जोर प्रचंड. वीज मिळताच विशिष्ट स्फटिक थरथरतात आणि टायटॅनियमची दांडी ती थरथर रसात उतरवते. रसात सूक्ष्म बुडबुडे जन्मतात, फुगतात आणि एकदम कोसळतात. त्या क्षणी त्यांच्या आत हजारो अंशांची उष्णता असते, पण भोवतीचा रस कोमटच राहतो. याच बुडबुड्यांनी जहाजांचे पंखे झिजवले, म्हणून 1917 मध्ये लॉर्ड रॅले यांनी त्यांचे गणित मांडले. या बुडबुड्यांना कामाला लावण्याचे शास्त्र मुंबईच्या जुन्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी), अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कित्येक वर्षे घडवले. महाराष्ट्राला या विद्येसाठी दूर जायला नको.

कोसळत्या बुडबुड्यांनी फळाच्या पेशी फाटतात, आतली साखर आणि रंगद्रव्ये रसात येतात, गर बारीक होऊन तळाशी बसत नाही. आवाजाची मात्रा हलकी असेल तर जिवाणूंच्या पेशींची आवरणे किंचित सैल होऊन अन्न आत-बाहेर जाणे सोपे होते. मात्रा वाढली की तेच जिवाणू मरतात, रस तापतो, क जीवनसत्त्व घटते, चवीला धातूची झाक येते. माझ्या मते सगळी कसोटी या मात्रेतच आहे, आणि ती दुसऱ्या फळावरून उसनी घेता येत नाही. आजऱ्याच्या बोंडासाठी ती आजऱ्याच्याच रसावर ठरवावी लागेल.

तुरटपणावर मात्र साधा उपाय आहे: साबुदाण्याची पेज घातली की टॅनिन गोळा होऊन तळाशी बसते. ते आधी करावे, मग यंत्र, मग विरजण. शीतसाखळीची सवय जिल्ह्याला दुधामुळे आहेच; बोंड त्याच दिवशी गाळायला पोचवणारी तशी संकलन केंद्रे काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे, बागांजवळ हवीत.