खाडीपलीकडचा पक्षी, खिशातला कॅमेरा

धरमतरच्या खाडीला ओहोटी लागली की पक्षी काठावरच्या माणसाकडे येत नाहीत, पाण्यामागोमाग दूर जातात. मध्ये उरतो गुडघाभर चिखल आणि त्यातून वर डोकावणारी तिवरांची श्वसनमुळे. पेण तालुक्याच्या खारेपाटात पक्षी पाहणाऱ्याची अडचण पक्षी नसण्याची नाही, अंतराची आहे. तीनशे-चारशे मीटरवर तुतवार, चिखल्या, टिलवे चरत असतात. हातातल्या दुर्बिणीतून ते हलणारे ठिपके दिसतात आणि ४०० मिलिमीटरची लेन्स लावून काढलेल्या फोटोतही ते ठिपकेच राहतात. चिखलात उतरून पुढे जावे, तर दहा पावलांत अख्खा थवा उडतो.

या अंतरावरचा इलाज म्हणजे ट्रायपॉडवर बसवलेला स्पॉटिंग स्कोप आणि त्याच्या नेत्रिकेला टेकवलेला छोटा कॅमेरा. या प्रकाराला जगभर डिजिस्कोपिंग म्हणतात. त्याची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नाही. १९९९ मध्ये लॉरेन्स पो या मलेशियातल्या पक्षिनिरीक्षकाने निकॉनचा कूलपिक्स ९५० हा दोन मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा सहज म्हणून स्कोपच्या नेत्रिकेला लावून पाहिला. फोटो इतका स्पष्ट आला की त्याने ही युक्ती जगभरच्या पक्षिमित्रांना कळवली आणि पुढे युरोप-अमेरिकेतले निरीक्षक जुने कूलपिक्स शोधत फिरू लागले. त्याआधीही स्कोपला फिल्मचे कॅमेरे जोडले जात. पण अंधूक प्रतिमा, शटरच्या धक्क्याने येणारी थरथर आणि रोल धुऊन येईपर्यंतची वाट यांमुळे तो हौशी लोकांपुरताच खटाटोप राहिला.

कूलपिक्ससारखा किरकोळ कॅमेराच का चालला, आणि महागडा एसएलआर का अडखळला? उत्तर साध्या भागाकारात आहे. स्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास ८० मिलिमीटर असेल आणि तो ३० पट मोठे दाखवत असेल, तर नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ८० भागिले ३०, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरांहून किंचित कमी रुंदीचा असतो. इतका बारीक झोत पुरता आत घ्यायला लहान तोंडाचे भिंगच सोयीचे. मोठ्या लेन्समध्ये तो मधोमध अडकतो आणि फोटोच्या कडेने काळे वर्तुळ उमटते.

मोबाइलचा कॅमेरा तर त्याहून छोटा. त्यामुळे गेल्या काही वर्षांत डिजिस्कोपिंगचा कॅमेरा म्हणजे खिशातला मोबाइलच झाला आहे. मोबाइलच्या मुख्य लेन्सचे नाभीय अंतर नेहमीच्या मोजणीत साधारण २६ मिलिमीटर धरले आणि स्कोप ३० पट असला, तर दोन्ही मिळून ७८० मिलिमीटरची लेन्स तयार होते. मोबाइलवर दुप्पट झूम केला की ती दीड हजारापलीकडे जाते आणि कडेचे काळे वर्तुळही चौकटीबाहेर सरकते. स्कोप ६० पटीवर न्यायचा मोह मात्र टाळावा. पट दुप्पट झाली की झोताची रुंदी निम्मी होते आणि प्रकाश चौथाईवर येतो. खाडीवरचे चांगले फोटो बहुतेक २० ते ३५ पटीतलेच असतात.

मधल्या काळात या कलेला एक जबर प्रतिस्पर्धी आला. निकॉनने २०१५ मध्ये ८३ पट झूमचा पी ९०० आणि २०१८ मध्ये १२५ पट झूमचा पी १००० बाजारात आणला. दुसऱ्याची पोहोच ३००० मिलिमीटरची. स्कोप नको, जोडणी नको, गळ्यात अडकवा आणि चला. अनेकांनी तेच केले, आणि नुसता फोटोच हवा असेल तर ते योग्यही आहे. पण खाडीकाठी दोन-तीन तास एका थव्यावर नजर ठेवायची असेल, तर त्या कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यात पाहणे ही शिक्षा आहे. स्कोप हे आधी पाहण्याचे साधन आहे. फोटो हा त्याचा जोडधंदा.

पेणच्या बाजूने काम करणाऱ्याला यंत्रापेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडते. धरमतरची खाडी साधारण दक्षिणोत्तर पसरली आहे, पेण तिच्या पूर्वेला आणि अलिबाग तालुका पश्चिमेला. म्हणून सकाळी पेणच्या काठावरून पाहिले तर सूर्य पाठीशी असतो आणि समोरचे पक्षी उजळून निघतात. संध्याकाळी तोच काठ निरुपयोगी होतो, पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. उजेडाचा हिशोब झाला, आता पाण्याचा. भरती चढू लागली की चिखलावर विखुरलेले पक्षी मागे सरकत खारबंदिस्तीच्या बांधांवर, मिठागरांच्या कडांवर दाटीवाटीने येऊन बसतात. स्कोपवाल्याची हीच वेळ. पक्षी जवळ असतात, स्थिर असतात आणि बरेचसे एका पायावर झोपलेले असतात.

कोळ्यांचा ढोबळ हिशोब असा: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आतबाहेर. खाडीत आत गेल्यावर पाणी थोडे उशिरा चढते, ते वेगळे. इथेच निसर्गाची अडवणूक दिसते. उधाणाचे पाणी सर्वांत वर चढते, पक्ष्यांना बांधावर आणते, पण ते येते भर दुपारी. तेव्हा तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असते आणि स्कोप जितका मोठा, तितकी ती थरथर मोठी. दीड लाखाचा स्कोपही या हवेपुढे हात टेकतो. सकाळच्या कोवळ्या उजेडात भरती हवी, तर ती अष्टमीच्या आसपास मिळते. पण ती भांगाची भरती, तिचे पाणी पुरते चढत नाही आणि थवे निम्म्या चिखलावरच थांबतात. मधला मार्ग दशमी ते द्वादशीचा. पाणी बऱ्यापैकी वर असते आणि ऊन अजून चढलेले नसते.

इतका उपद्व्याप करून हाती येणारा फोटो भिंतीवर टांगण्याच्या लायकीचा असतो का? क्वचितच. कडा थोड्या मऊ, रंग थोडे फिके. उडत्या पक्ष्याचा फोटो तर जवळजवळ अशक्यच. कॅलेंडरसाठी फोटो काढणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवे. डिजिस्कोपिंगचा फोटो हा पुरावा असतो, आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना पुराव्याची गरज फार आहे. लेसर सँड प्लोव्हर हा आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हमखास दिसणारा छोटा चिखल्या. २०२३ मध्ये पक्षिनामांच्या जागतिक यादीत त्याचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन भाग झाले. पश्चिम किनाऱ्यावर येतो तो मुख्यतः तिबेटन. पण एखादा सायबेरियन दिसल्याचा दावा वहीतल्या नोंदीवर कोण मानणार? मोठ्या कुरवांचेही तेच: पाठीचा करडा रंग, पिसांची झीज, चोचीची जाडी असल्या बारकाव्यांवर ओळख ठरते. ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर अशी वेगळी नोंद केली की तपासणारे स्वयंसेवक फोटो मागतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी गेली कित्येक दशके स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवते. अलीकडे त्यांवर रंगीत पट्ट्या आणि संकेताक्षरेही असतात. स्कोपमधून काढलेल्या फोटोत ती अक्षरे वाचता आली, तर तो पक्षी न पकडता त्याचा प्रवास कळतो. शंभर सुबक फोटोंपेक्षा असा एक फोटो मोलाचा.

रोह्याकडे वळले की चित्र बदलते. कुंडलिका नदीत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी वाहते, त्यामुळे उन्हाळ्यातही ती कोरडी पडत नाही. पाण्याकाठच्या वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा, वरून झेप टाकण्याआधी थबकलेला खंड्या हे स्कोपसाठी उत्तम विषय. दोघेही एका जागी बराच वेळ बसतात आणि नदीचा पलीकडचा काठ फार लांब नसतो. फणसाड अभयारण्याचा परिसर रोहा आणि मुरूड तालुक्यांत मोडतो. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. तिथल्या दाट झाडीत मात्र स्कोप घेऊन जाणे म्हणजे नुसते ओझे. पक्षी वीस मीटरवर पानाआड असतो आणि स्कोप त्याच्यावर नेईपर्यंत तो निघून गेलेला असतो. तिथे साधी दुर्बीण आणि उत्तम कान पुरतात. पाणवठ्यावर बसणार असाल तर गोष्ट वेगळी.

स्कोपचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो माणसाला लांब ठेवतो. समुद्र गरुड कोकण किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर वर्षानुवर्षे तीच घरटी वापरतात, आणि घरट्याखाली माणसांचा राबता वाढला तर ते बिथरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकणातल्या या घरट्यांचा अभ्यास केला आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गोष्ट त्याहून नाजूक. डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने ही जात इतकी घटली की २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर देशात बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात ती अजून टिकून आहेत. एवढ्या हालअपेष्टांतून वाचलेल्या पक्ष्याच्या घरट्याखाली कॅमेरा घेऊन उभे राहणे शहाणपणाचे नाही. दोनशे मीटरवरून स्कोप लावावा, पिल्लू दिसले तर फोटो घ्यावा आणि जागेचा नेमका पत्ता जाहीर करू नये.

कोकणातल्या स्कोपचा शत्रू चोर नव्हे, बुरशी. पावसाळ्यात भिंगांवर तिचे जाळे पसरते आणि एकदा बसली की पुरती निघत नाही. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा हा स्वस्तातला विमा. खाडीवरून परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर खारे पाणी त्यांची आटी दोन हंगामांत जाम करते. नवीन स्कोप घ्यायला पैसे नसतील तर गावातल्या चार जणांनी मिळून एक घ्यावा. मोबाइल प्रत्येकाकडे आहेच.

मारुती चितमपल्ली यांची जयंती ५ नोव्हेंबरला आणि डॉ. सालिम अली यांची १२ नोव्हेंबरला. त्यांच्यामधले दिवस २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांवरचा आपला गाजलेला अभ्यास १९३० मध्ये याच जिल्ह्यातल्या किहीमला केला होता. दिवाळी सरली की फराळाचे डबे बाजूला ठेवून पेणच्या बांधावर एक सकाळ काढावी, थव्याचे पाच-सहा फोटो तारीख-ठिकाणासह ‘ई-बर्ड’वर चढवावेत. कोळ्यांच्या हिशोबाने कार्तिकी एकादशीची भरती सकाळी सव्वाआठच्या सुमारास आहे.