रिकाम्या हाताने जाऊ नये

कोल्हापुरात कुणाकडे जाताना मुलांसाठी खाऊ न्यायचा, चपला दाराबाहेर काढायच्या. निघताना यजमानीण पाहुणीला कुंकू लावून खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी अशी ओटी भरते. ती पदरात घ्यायची. आहेराच्या पाकिटात १०१ किंवा ५०१. वरचा रुपया शुभ. शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. कोरियातही पाहुणा चपला काढतो, भेट दोन्ही हातांनी देतो. नव्या घरी कपडे धुण्याची पावडर नेतो, फेसासारखी भरभराट व्हावी म्हणून.

आपल्याकडे ओटीचा मान मात्र फार काळ सवाशिणींपुरताच राहिला, विधवांना तो नसे. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. घरी आलेल्या प्रत्येकीची ओटी भरावी, तरच पाहुणचार पुरा होतो.