तुमचं विमान कोण निवडतं?

पुढच्या वेळी विमानात बसलात, की समोरच्या खिशातलं सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड बाहेर काढून बघा. त्यावर एक नाव छापलेलं असतं: एअरबस ए३२०, बोईंग ७३७ किंवा एटीआर ७२. तिकीट काढताना आपण दर बघतो, वेळ बघतो, खिडकीची जागा मिळतेय का ते बघतो. या नावाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. पण तिकीट किती स्वस्त मिळेल, तुमच्या गावाला विमान येईल की नाही आणि ऐन लग्नसराईत उड्डाण रद्द तर होणार नाही ना, हे बरंचसं त्या नावावर ठरतं.

मला विमानांचं वेड लहानपणापासून आहे. पहिला प्रवास इंडियन एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ ने झाला. हवाईसुंदरी ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस घेऊन यायची. बाकीची मुलं गोळ्या मोजत होती, मी पंखाच्या मागच्या पट्ट्या कशा उघडतात ते बघत होतो. हेच विमान कंपनीने का घेतलं असेल, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला तो बसलाच.

मिळेल ते विमान

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याची डकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली. भारतात अनेक लहान कंपन्या त्यांच्याच भरवशावर उभ्या राहिल्या. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमानं निघत, देशाच्या मध्यावर नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून घेत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परतत. म्हणजे आधी विमान हाती आलं आणि मग त्याला जमेल असा मार्ग आखला गेला.

पुढे एअर इंडियाने रुबाब निवडला. १९७१ मध्ये ‘सम्राट अशोक’ नावाचं बोईंग ७४७ आलं. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजवाड्यातल्या झरोक्यासारखी कमान रंगवलेली होती. पण जंबोला चार इंजिनं, म्हणजे इंधन आणि दुरुस्ती चौघांची. दोन इंजिनांची विमानं समुद्र ओलांडून लांबवर जाऊ लागली, तसा जगभरच जंबोचा जमाना सरत गेला. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं एक जुनं ७४७ मुंबईहून कायमचं निघालं, तेव्हा उड्डाणानंतर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. आमच्यासारख्यांचे डोळे त्या दिवशी ओले झाले.

धावपट्टी सांगेल तसं

इंडियन एअरलाइन्सची गोष्ट वेगळी. तिला देशातल्या लहान-मोठ्या सगळ्या विमानतळांवर उतरायचं होतं. १९८९ मध्ये तिने ए३२० आणलं. या विमानाच्या मागच्या प्रत्येक पायाला एरवी दोन चाकं असतात. इंडियन एअरलाइन्सने मात्र चार चाकं असलेले पाय बनवून घेतले, कारण आपल्या काही धावपट्ट्या तेवढं वजन पेलण्याइतक्या भक्कम नव्हत्या. चाकं वाढली की वजन विभागलं जातं. उभ्या विमानाची चाकं मोजूनच आम्ही ते दुरून ओळखायचो.

आजही जागेप्रमाणेच विमान ठरतं. सिमल्याची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आणि आखूड. अशा जागी पंख्याच्या इंजिनांचं छोटं एटीआर सोयीचं ठरतं. लेहचा विमानतळ १०,००० फुटांहून उंचावर. तिथे हवा विरळ आणि दुपारी वारा जोरदार, म्हणून नागरी विमानं शक्यतो सकाळीच उरकून घेतात. इंडिगोच्या एटीआर ७२ मध्ये आसनं किती, तर ७८. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशी विमानांना विमानतळावर उतरण्याच्या शुल्कात सवलत मिळते, हे कळलं की त्या आकड्याचं गणित सुटतं.

एकाच जातीचा फायदा आणि धोका

इंडिगोने २००५ मध्ये, सेवा सुरू होण्याआधीच, १०० एअरबसची मागणी नोंदवली. ऑगस्ट २००६ पासून पुढची अकरा वर्षं कंपनीकडे जवळजवळ फक्त ए३२० होती. याचा फायदा असा: कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर पाठवता येतो, एकच प्रशिक्षण पुरतं, सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागतात आणि एक विमान बिघडलं तर दुसरं लगेच उभं करता येतं. घरात सगळ्यांचे मोबाइल एकाच चार्जरवर चालावेत, तसंच हे. खर्च वाचला, तिकीट उतरलं आणि कधी विमानतळाची पायरी न चढलेली कुटुंबं विमानात बसली.

पण तो एकच चार्जर बिघडला तर? फेब्रुवारी १९९० मध्ये बेंगळुरूला ए३२० चा अपघात झाला आणि इंडियन एअरलाइन्सची सगळी ए३२० विमानं काही महिने जमिनीवर राहिली. २०२३ मध्ये गो फर्स्टने निम्म्याच्या आसपास विमानं इंजिनांअभावी उभी असल्याचं सांगत मे महिन्यात उड्डाणं थांबवली. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने हा आरोप मान्य केला नाही. तो वाद कुणीही जिंको, सुट्टीची तिकिटं काढून बसलेल्या माणसांना नवी तिकिटं शोधावी लागली. त्याच घराण्यातल्या इंजिनांच्या तपासणीमुळे इंडिगोचीही अनेक विमानं उभी राहिली. पण तिचा ताफा अवाढव्य असल्याने तिने तो फटका सोसला.

उलट, अनेक जातींची विमानं ठेवली तर प्रत्येकाचे वैमानिक वेगळे, अभियंते वेगळे, सुट्या भागांचं कोठार वेगळं. हा खर्च शेवटी तिकिटातच येतो. म्हणजे स्वस्ताई हवी तर थोडा धोका पत्करायचा आणि तो टाळायचा तर पैसे मोजायचे. कंपनी हा सौदा आपल्या वतीने करते आणि आपल्याला सांगत मात्र नाही.

तुम्ही काय कराल?

तिकीट काढताना ‘उड्डाणाचा तपशील’ उघडा, विमानाचं नाव तिथे असतं. एटीआर असेल तर दोन-दोन आसनांची रांग, मधली जागा कुणाच्याच वाट्याला नाही. पंख वर असल्याने खालचं गाव, नदी, शेतं सगळं दिसतं. मुलांना खिडकीत बसवा. आवाजाचा त्रास होत असेल तर पंख्याजवळची रांग टाळा. सामानाचा कप्पा लहान असतो, बॅग त्या बेताने भरा. लेहला जाणार असाल तर पुढचं विमान त्याच दिवशी धरू नका, एक दिवस हाताशी ठेवा. लग्न, परीक्षा, ऑपरेशन अशा न चुकवता येणाऱ्या कामाला निघताना त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीचंही विमान आहे ना, एवढं बघून ठेवा.

आणि मुलांनी ‘हे कुठलं विमान?’ असं विचारलं, तर त्यांना चाकं आणि इंजिनं मोजायला सांगा. दोन-चार प्रवासांत तीच तुम्हाला सांगू लागतील.