बायबलमधून फाडलेलं पान

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली जपून ठेवल्या आहेत. त्या चाळताना मध्येच, अर्ज आणि शपथपत्रांच्या गठ्ठ्यात, एखादं पिवळं पडलेलं पान निघतं. एका बाजूची कड वेडीवाकडी फाटलेली. पानावर वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी केलेल्या नोंदी: लग्न कधी झालं, कोणतं मूल कधी जन्मलं, कोणतं कधी गेलं. घरच्या बायबलमधलं ते पान असतं. १८३६ आणि १८३८च्या कायद्यांनी सैनिकांच्या आणखी कितीतरी विधवांना पेन्शनचा हक्क मिळाला, पण आपलं लग्न ठरावीक मुदतीच्या आत झालं होतं, हे त्यांना सिद्ध करावं लागे. सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीकडे लग्नाचा दाखला कुठून असणार? मग घरातलं बायबल उघडायचं, नोंदीचं पान फाडायचं आणि सरकारकडे पाठवून द्यायचं. अशी कितीतरी पानं घरी परत गेलीच नाहीत.

त्या म्हातारीच्या सातव्या-आठव्या पिढीतली एखादी मुलगी आज तेच पान शोधत असते. तिला ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ म्हणजे ‘डीएआर’ची सभासद व्हायचं असतं.

स्वातंत्र्ययुद्धाला ज्यांनी हातभार लावला त्यांच्या वंशजांच्या संस्था अमेरिकेत अनेक आहेत. सगळ्यांत जुनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’. सेनापती वॉशिंग्टनच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ती १७८३ साली काढली आणि सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जाईल असा नियम केला. राजेशाही झुगारून दिलेल्या देशात ही नवी सरदारकी कशाला, असा आक्षेप बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेव्हाच घेतला होता. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८८९मध्ये, ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही साध्या सैनिकांच्या वंशजांनाही घेणारी संस्था निघाली. पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना सभासद करून घ्यायला नकार दिला.

हा नकार मेरी स्मिथ लॉकवूड यांच्या जिव्हारी लागला. जुलै १८९०मध्ये त्यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये न्यू जर्सीच्या हॅना आर्नेट या बाईची हकिगत लिहिली. १७७६च्या अखेरीस वॉशिंग्टनचं सैन्य माघार घेत होतं आणि ब्रिटिशांनी शरण येणाऱ्यांना माफी जाहीर केली होती. हॅनाच्या घरी जमलेले पुरुष ती माफी पत्करायच्या बेतात होते. शेजारच्या खोलीतून ऐकणारी हॅना बाहेर आली, तिने सगळ्यांची खरडपट्टी काढली आणि नवऱ्याला बजावलं, शरण गेलास तर मी तुझ्या घरात राहणार नाही. अशा बायकांना देशभक्त म्हणायचं नाही का, हा लॉकवूड यांचा सवाल होता. ११ ऑक्टोबर १८९० रोजी डीएआर स्थापन झाली. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलिन पहिल्या अध्यक्ष झाल्या, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचणाऱ्या सुझन बी. अँथनीही पुढे सभासद झाल्या. संस्थेचं बोधचिन्ह आहे सूत कातायचं चाक. ब्रिटिश कापडावर बहिष्कार घालून वसाहतींतल्या बायका घरी सूत कातत होत्या, त्याची ती आठवण. चरख्याचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

सभासद व्हायच्या अटी दोनच, पण कडक. बाई अठरा वर्षांची हवी आणि एखाद्या ‘पेट्रियट’ची रक्ताच्या नात्याने थेट वंशज हवी. दत्तक नात्यावरून वंश धरत नाहीत. पेट्रियट या शब्दाची व्याप्ती मात्र मोठी आहे. सैनिक आणि खलाशी त्यात आहेतच, शिवाय नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतलेला शेतकरी, गावपातळीवरचा अधिकारी, जखमींची शुश्रूषा करणारी बाई, सैन्याला गाय किंवा मक्याची पोती देऊन पावती घेतलेला माणूस, हे सगळे त्यात बसतात. १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात त्याने काही केलेलं असावं आणि शेवटपर्यंत बाजू बदललेली नसावी. १७८२मध्ये डेलावेअरच्या उपसागरात ब्रिटिशांचं ‘जनरल मंक’ हे जहाज पकडणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या जहाजाचं नाव होतं ‘हैदर अली’. इंग्रजांशी झुंजणाऱ्या म्हैसूरच्या हैदरची कीर्ती फिलाडेल्फियाच्या बंदरापर्यंत पोचली होती. त्या जहाजावरच्या खलाशाचे वंशजही आज अर्ज करू शकतात.

अर्ज म्हणजे वंशावळच, पण प्रत्येक सांध्याला पुरावा जोडलेली. पहिल्या तीन पिढ्यांचं काम तसं सोपं, कारण जन्म, लग्न आणि मृत्यूचे सरकारी दाखले मिळतात. मागे जावं तशी वाट अंधारत जाते. १८५०च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकीच्यांची वयोगटाप्रमाणे नुसती गणती. बायकांची नावं तर बहुतेक वेळा त्यातून गायबच. खापरपणजी सापडते, पण तिचं माहेरचं आडनाव सापडत नाही आणि वंशावळ तिथेच अडते. मग मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं, चर्चमधली बाप्तिस्म्याची वही, कबरीवरचा दगड, असा शोध सुरू होतो. बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी अमुक, तमुकची बायको’ अशी एक ओळ मिळाली की दोन पिढ्या जोडल्या जातात. त्या एका ओळीसाठी माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या तळघरांत बसतात.

युद्धाची कागदपत्रंही धड उरलेली नाहीत. नोव्हेंबर १८००मध्ये युद्ध खात्याच्या कचेरीला आग लागली आणि पुष्कळसं दप्तर जळून गेलं. म्हणून १८३२च्या पेन्शन कायद्याखाली म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टासमोर दिलेल्या जबान्या अनमोल आहेत. कोणत्या कॅप्टनच्या हाताखाली होतो, कोणत्या नदीकाठी थंडीत पहारा केला, सुट्टीचा कागद कसा हरवला, हे सगळं त्यांनी आठवेल तसं सांगितलं आणि कारकुनाने उतरवून घेतलं. आपल्या पूर्वजाचं बोलणं इतक्या जवळून ऐकायला मिळणं, हे या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ आहे. बिल्ला त्यापुढे किरकोळ.

नकारातून जन्मलेल्या या संस्थेने पुढे स्वतः नकार दिले, हेही स्पष्टच सांगायला हवं. १९३९मध्ये थोर कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना डीएआरच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गायची परवानगी मिळाली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचा राजीनामा दिला. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि ऐकायला सुमारे ७५ हजार माणसं उभी होती. काही वर्षांनी त्या हॉलचं दार त्यांच्यासाठी उघडलं. सभासदत्वाचं दार उघडायला आणखी वेळ गेला. १९७७मध्ये डेट्रॉइटच्या कॅरेन फार्मर यांनी पेनसिल्व्हेनियाचा सैनिक विल्यम हूड याच्यापर्यंतची साखळी कागदांनी जोडून दाखवली आणि त्या डीएआरच्या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सभासद झाल्या. त्यानंतरही वॉशिंग्टनमध्ये लेना सँटोस फर्ग्युसन यांना स्थानिक शाखेत जागा मिळेना. त्यांच्याकडे पुरावे होते. १९८४मध्ये प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं तेव्हा संस्थेला नमतं घ्यावं लागलं. फर्ग्युसन यांनी स्वतःच्या प्रवेशावर समाधान मानलं नाही. युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीयांची नावं संस्थेने शोधून छापावीत, हे त्यांनी कबूल करून घेतलं.

त्या शोधातून २००८मध्ये ‘फर्गॉटन पेट्रियट्स’ हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाच्या ६,६००हून अधिक पेट्रियटांची नावं आहेत. कित्येकांना आडनावच नाही. हजेरीपटावर नुसतं ‘केटो’ किंवा ‘प्रिन्स’ लिहिलेलं, बाजूला कंपनीचं नाव. अशा माणसाच्या वंशजाला शोध उलट दिशेने करावा लागतो. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७०मध्ये. त्याआधीच्या दोन जनगणनांत गुलामांची वेगळी यादी आहे, पण तिच्यात मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढंच. तिथून मागे, युद्धापर्यंतची सत्तरेक वर्षं पार करायची तर मालकाची कागदपत्रं उघडावी लागतात. तो वारला तेव्हा कोर्टाने त्याच्या मालमत्तेची यादी केलेली असते. त्या यादीत वरून खाली बोट फिरवत जायचं: दोन बैल, एक नांगर, पिसांची गादी, तांब्याचा हंडा. आणि मग, पुढे डॉलरचा आकडा मांडलेलं, एक नाव.