नकार मिळाला, तरी गुपित फुटले

महाड-रायगड रस्त्यावरच्या नाते गावाकडून एक बाई ओपीडीत आल्या. क्षयाचे औषध सुरू आहे. खोली रिकामी झाल्यावर हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझं नाव काँप्युटरवर चढवलंत, ते गावात कुणाला दिसणार नाही ना?" गाव लहान, आणि नात्यात सगळेच नात्यातले. मी "नाही" म्हणालो. उत्तर खोटे नव्हते, पण पुरे नव्हते.

क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' पोर्टलवर होते. त्याला पासवर्डचे कुलूप असते. पण ३ जानेवारी २०१८ रोजी 'मेल्टडाऊन' व 'स्पेक्टर' हे दोष जाहीर झाले, तेव्हा कळले की कुलपाखाली, खुद्द प्रोसेसरच्या रचनेतच फट आहे.

समजा, औषधाच्या खिडकीवरचा माणूस भारी उरकदार आहे. कुणी शेजाऱ्याचा केसपेपर मागितला, की हक्क तपासला जाईपर्यंत तो रिकामा बसत नाही. पेपर वाचतो, त्यातले औषध कोठीतून आणून टेबलावर ठेवतो. मग कळते, मागणाऱ्याला हक्क नाही. पेपर परत जातो. औषध मात्र टेबलावरच राहते. आता तो लबाड एकेक औषध मागू लागतो. बाकीची कोठीतून यायला वेळ लागतो, एकच चटकन मिळते. आजार कळला!

प्रोसेसर हेच करतो. मेमरीतून माहिती यायला वेळ लागतो, म्हणून तो अंदाजाने पुढचे काम उरकून ठेवतो. अंदाज चुकला तर उत्तर टाकून देतो, पण 'कॅश' या जवळच्या साठ्यात खूण उरते. वेळ मोजून ती वाचता येते. 'मेल्टडाऊन'चा फटका प्रामुख्याने इंटेलला होता. 'स्पेक्टर' एएमडी आणि मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरांतही निघाला.

घाबरून जाण्याचे कारण नाही. यासाठी चोराचा प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालावा लागतो, आणि चोरांना पासवर्ड फसवून घेणे यापेक्षा सोपे जाते. मात्र एकाच सर्व्हरवर अनेक संस्थांचे काम चालते, तिथे धोका खरा. सॉफ्टवेअर कंपन्यांनी दुरुस्त्या दिल्या. त्यांनी काही यंत्रे थोडी मंदावली. फट मात्र पुरती बुजलेली नाही. २०२३ मध्ये 'डाउनफॉल' हा त्याच कुळातला दोष निघाला.

आमच्या टेबलावरचा काँप्युटर 'अपडेटसाठी रीस्टार्ट करा' असे कधीचा सांगत होता. गर्दीचे निमित्त करून मी ते रोज उद्यावर ढकलत होतो. बाई गेल्यावर, जेवणाच्या सुटीत, ते बटण दाबले.